सुपावर मांडलेला दिवस

नाना कोणाला नावाने हाक मारत नसत. तिथल्या आठ खाटांवर जो माणूस येई, त्याला ते त्याच्या गावाचं नाव देत. "एरंडोलला ताप आहे का बघा." "शिरपूरने आजपण भाकरी ठेवली." "पाचोरा रडतोय, त्याला जरा बाहेर बाकावर बसवा." आमचे हे जामनेरकडचे, म्हणून ते जामनेर झाले आणि मी जामनेरची अक्का. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची असेन आणि नाना साठीच्या पुढचे, तरी मी अक्काच. एकदा पाचोऱ्याची दोन माणसं एकाच आठवड्यात आली, तर एक पाचोरा स्टँड झाला आणि दुसरा पाचोरा बाजार.

मी एकदा धीर करून विचारलं होतं की असं का. ते म्हणाले, "नाव घरी लागतं. इथून जाताना ते माणसाला धुतलेलं परत मिळालं पाहिजे. इथे वापरून मळवायचं कशाला?"

जळगावात रेल्वे फाटकाच्या पलीकडे एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. तिच्या आवारातल्या जुन्या ऑफिसात हे दारू सोडवायचं ठिकाण होतं. डॉक्टर तरुण होते, सकाळी स्कूटरवर येत आणि दुपारी आपल्या दवाखान्यात जात. बाकी सगळा वेळ नाना. पगार अटेंडंटचा, पण डॉक्टरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कोणाला घरी सोडत नसत.

मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, नानांच्या गळ्यात लोकरीचा मफलर असे. कोणी हसलं तर म्हणत, "हा काढला की मान गुत्त्याकडे वळते माझी." खरं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. गळ्यावर भाजल्याची मोठी खूण होती. धुळ्याला असताना पिऊन पेटत्या स्टोव्हवर पडले होते.

आणखी एक त्यांची तऱ्हा होती. राग आला की ते पुस्तकातलं मराठी बोलत आणि माया आली की अहिराणी. त्यामुळे नानांनी "आपण जरा बसावं" असं म्हटलं की मोठे मोठे गडी घाबरत. आणि "काय व्हयनं रे दादा" असं ऐकू आलं की समजायचं, तो माणूस आता रडणार आणि नाना त्याला रडू देणार.

डबे तपासायचं काम ते स्वतः करत. घरून आलेली प्रत्येक भाकरी हाताने मोडून बघत. वांग्याच्या भरतात चमचा घालून ढवळत. शिरपूरच्या आईने एकदा कळण्याच्या दोन भाकऱ्या ओल्या असतानाच एकमेकींना चिकटवून भाजल्या होत्या आणि मधे तंबाखूची पुडी. नानांनी ती काढली तेव्हा म्हातारी उलट त्यांच्यावरच चिडली.

"दारूसाठी आणलाय ना त्याला? मग दारू सोडवा. तंबाखूने तुमचं काय घोडं मारलं?"

"आजी, आपला मुलगा दारू पिण्याआधी काय करतो?"

"काय करतो? तंबाखू मळतो."

"आणि प्यायल्यावर?"

"तेच करतो. म्हणून काय झालं? आमचे हे सत्तर वर्षं मळत व्हते, त्यांनी कधी थेंब घेतला नाही."

"ते आपले हे. हा आपला मुलगा आहे," नाना म्हणाले आणि पुडी खिशात टाकून उरलेल्या भाकऱ्या शिरपूरला नेऊन दिल्या. म्हातारी मला म्हणाली, "येडा शे हा बुढा." मला तेव्हा तिचंच पटलं होतं.

सगळ्यांना येडेपणा वाटायचा तो त्यांच्या सुपाचा. नवीन माणूस दाखल झाला की त्याच्या घरच्यांना नाना आधी सुपापाशी बसवत. शेजारी पत्र्याचे छोटे डबे असत. तूर म्हणजे दारू. उडीद म्हणजे गोळ्या. मठ, म्हणजे मटकी, ही विडी. हरभरा तंबाखूचा, बाजरी गांजाची. सुपाची डावी कड म्हणजे सकाळ, उजवी म्हणजे झोपायची वेळ. माणूस दिवसभरात काय काय आणि किती घेतो ते दाणे टाकून दाखवायचं. डॉक्टरांकडे छापील फॉर्म होता. नाना म्हणत, "कागद बघितला की आमच्या बायका पदर तोंडावर घेतात. दाण्याला कोण लाजतंय?"

पण दाण्यालाही माणूस लाजतोच. हे त्यांना माहीत असणार, म्हणून ते आधी स्वतःचं सूप मांडत. प्रत्येक वेळी, प्रत्येकासमोर. "हे माझं. धुळ्याचं. कंपाउंडर होतो मी सरकारी दवाखान्यात." मग डाव्या कडेपासून दाणे पडत जात. सकाळी उठल्याबरोबर खोकल्याचं औषध, अर्धी बाटली. मग विडी. दुपारी दवाखान्यातलं स्पिरिट पाणी घालून. परत विडी. संध्याकाळी दारू, वर गोळ्या. दाणे टाकताना त्यांचा आवाज बदलत नसे. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं सांगत. शेवटी म्हणत, "बायको माहेरी गेली, ती आली नाही. नोकरी गेली, तीपण आली नाही." मग हाताने सगळं पुसून टाकत आणि सुपाच्या मध्यावर मोहरीचे चार दाणे ठेवत. "एवढं अजून आहे. तपकीर. सुटत नाही. आता तुमचं मांडा."

माझी पाळी आली तेव्हा मी तूर मांडली. दुपारची, संध्याकाळची. मग विडीचे मठ मांडले, ते बरेच झाले. आणि हात मांडीवर घेतला.

"अजून?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मला वाटलं आता नाना उठतील, पण उठेनात. मग म्हणाले, "आणि तुझं, अक्का?"

मी तोंडावर हात ठेवला. मिश्रीचा वास आला असेल त्यांना. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच बायका मिश्री लावत, मी दिवसातून चार-पाचदा लावायची. कोणी परक्या पुरुषाने हे विचारलेलं मला नवीन होतं. मी हरभऱ्याचे पाच दाणे सुपाच्या कोपऱ्यात ठेवले. नानांनी मान डोलावली. मला हलकं वाटलं. एवढं लाजेचं स्वतःचं सांगितलं म्हणजे आपण खरंच बोललो, असं मी मनाला सांगितलं. आणि त्या पाच दाण्यांच्या आड गोळ्या राहून गेल्या.

गोळ्यांचं असं होतं. हे जळगावातच दाळमिलमध्ये चाळणीवर कामाला होते. मी घरी मिलचीच डाळ निवडायची. दारू फार वाढली होती. एक दिवस ह्यांचे हात इतके कापत होते की चहाची बशी धरवेना. शेजारच्या काकूंच्या मालकांना डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिलेल्या होत्या. काकूंनी त्यातल्या दोन मला दिल्या. ह्यांनी घेतल्या आणि त्या दिवशी न पिता झोपले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. न पिता झोपलेला नवरा मी पहिल्यांदा बघितला. मला वाटलं, औषध सापडलं.

मग मी रिकामं पाकीट घेऊन मेडिकलवर जायला लागले. दुकानदार पाकीट बघून नवीन पाकीट द्यायचा, चिठ्ठी विचारायचा नाही. दोनाच्या चार झाल्या. मग सकाळी हात कापतात म्हणून सकाळच्या. मी स्वतः पाण्याच्या तांब्याबरोबर नेऊन द्यायची. दारू परत सुरू झाली होती, पण मला वाटायचं गोळ्या नसत्या तर किती प्याले असते. दारू गुत्त्यावरून येते आणि गोळी औषधाच्या दुकानातून. माझ्या डोक्यात ती दोन्ही एका सुपात बसतच नव्हती. आणि थोडी बसत होती म्हणूनच मी लपवलं, हेही खरं. बाई नवऱ्याला गोळ्या देऊन झोपवते, असं कोणी म्हटलं असतं तर मी फाटकावर जाऊन गाडीपुढे उभी राहिले असते.

ह्यांना दाखल करून आठ दिवस झाले. पहिले चार दिवस डॉक्टरांनी दारू उतरवायचं औषध दिलं, मग ते थांबवलं. भेटायला गेले तर हे गोरे झाल्यासारखे दिसत होते. मी खूश होते.

नवव्या दिवशी दुपारी मी दारात डाळ निवडत बसले होते. नाना सायकलवर आले. उतरले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, "आपले पती आज दोन वेळा झटके येऊन पडले. जीभ चावली आहे. शुद्ध नीट नाही."

'आपले पती' हे ऐकूनच मी निवडणं थांबवलं.

"डॉक्टरांचं म्हणणं असं की दारूचे झटके इतक्या उशिरा येत नाहीत. हे दुसऱ्या कशाचे आहेत ते कळलं नाही, तर औषध कोणतं द्यायचं हे ठरत नाही. आपण मला सगळं सांगितलं होतं ना?"

बोलायचं होतं, पण माझं तोंड अशा वेळी उघडतच नाही, लहानपणापासून. शाळेत उत्तर येत असलं तरी मी मार खायची.

नाना उंबऱ्यावर बसले. माझ्या पुढ्यातलं सूप घेतलं, त्यातली निवडायची डाळ पोत्यावर ओतली. मग मला म्हणाले, "तूर दे. मठ दे." मी डबे दिले. आठ दिवसांपूर्वी मी मांडलं होतं तसंच त्यांनी मांडलं, एक दाणा इकडचा तिकडे नाही. सूप माझ्याकडे सरकवलं. आणि मग एकदम वेगळ्या आवाजात बोलले.

"बठ्ठं सांग, माय. अर्धं सांगशी ते अर्धाच वाची."

सगळं सांगायचं म्हणून मी उठले आणि उडदाचा डबा आणला. डाव्या कडेला दोन. दुपारच्या तुरीपाशी दोन. उजव्या कडेला चार. शेवटचा दाणा ठेवला आणि सुपाकडे बघत राहिले. उडीद आल्यावर तूर कमी व्हायला पाहिजे होती. ती तेवढीच होती. दर दोन दाण्यांमधे मठ होते. सकाळचे उडीद विडीला चिकटलेले, विडी तुरीला, तूर परत उडदाला. वर्षभर मी हे रोज हाताने देत होते आणि असं एका जागी कधी बघितलं नव्हतं.

"कोण आणायचं गोळ्या?"

"मी."

"पाकीट शे का?"

तांदळाच्या डब्यात लपवलेलं पाकीट मी काढून दिलं. त्यांनी नाव वाचलं, खिशात घातलं. सायकलवर बसता बसता म्हणाले, "आता रडू नको. दार लाव आन ये मांगून." आणि उभ्याने पायडल मारत गेले. साठीचा माणूस, भर दुपारी.

मी पोचले तेव्हा इंजेक्शन दिलेलं होतं आणि हे झोपले होते. ओठ सुजला होता. डॉक्टर माझ्यावर रागावतील असं वाटलं, पण ते नानांशीच बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी त्याच गोळ्या परत सुरू केल्या. मला काही समजेना. मी नानांना कसंबसं विचारलं, "त्याच परत?"

"त्याच. दारू एकदम थांबली आन गोळ्याबी एकदम थांबल्या, म्हणून तर पडला तो. आता डॉक्टर मोजून देतील आणि जरा जरा काढतील. घाईत काढायच्या नाहीत."

"किती दिवस?"

"नुसती तूर असती तर लवकर सोडला असता. ह्याचं तिन्ही एकमेकांत गुंतलंय. असा माणूस जास्त वेळा घसरतो, जास्त दिवस लागतात. वरीस लागेल. तुझी तयारी आहे?"

मी हो म्हटलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "ह्यांना कळलं का, की मी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"मी सांगू?"

नाना तपकिरीची डबी हातात धरून बसले होते, ती उघडायची विसरले. "आत्ता नको. आत्ता तो कारण शोधतोय प्यायला. एक चांगलं कारण आपण होऊन हातात देऊ नको. गोळ्या पुऱ्या सुटू दे, मग बघ."

दीड महिन्याने हे घरी आले. गोळी दाढीच्या ब्लेडने चार तुकडे करून द्यायची, असं नानांनी मला शिकवलं. दर पंधरा दिवसांनी एक तुकडा कमी. ते तुकडे करताना मी दार लावून घ्यायची, वाऱ्याने पावडर उडू नये म्हणून. एखादा तुकडा कमी झाला की चार-पाच दिवस हे झोपत नसत, चिडत, अंगावर मुंग्या चालतात म्हणत. दर गुरुवारी आम्ही दोघं फाटकापलीकडे जायचो.

विडीवरून नाना आणि डॉक्टरांचं वाजायचं. डॉक्टर म्हणत, "नाना, एका वेळी एकच गोष्ट. तो दारू सोडतोय, गोळ्या सोडतोय, विडी राहू द्या. माणसाला काहीतरी पाहिजे." नाना पुस्तकी मराठीत म्हणत, "आपण शिकलेले आहात. पण विडी पेटवल्यावर ह्या माणसाचे पाय कुठे जातात, हे मी पाहिलेलं आहे." डॉक्टर हसत. बाहेर आल्यावर नाना ह्यांना म्हणाले, "दोघांचं ऐक. आज नाही तर उद्या सोड, पण ती निरागस आहे असं समजू नको." मला काही म्हणाले नाहीत. मीच मिश्री थांबवली. घरात तंबाखू भाजल्याचा वास आला की हे विडी शोधत, ते मला दिसत होतं. पहिले आठ दिवस माझं डोकं असं दुखलं की मी डाळीतले खडे तसेच जाऊ दिले आणि मिलमधून बोलणी खाल्ली. तेव्हा ह्यांना काय होत असेल ते मला थोडं कळलं.

मधे एकदा घसरले. जामनेरला पुतण्याचं लग्न होतं. मी बायकांत होते. परत येताना एसटीत वास आला. मी घरीसुद्धा गेले नाही, ह्यांना स्टँडवरून तसंच नानांकडे नेलं. वाटलं ते पुस्तकी बोलतील. पण नानांनी ह्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि इतक्या उत्सुकतेने विचारायला लागले की जसं काही हे कुठला खजिनाच बघून आलेत.

"प्यायच्या आधी काय केलं?"

"काही नाही. वरातीत होतो."

"त्याच्या आधी?"

"पाव्हण्याने विडी दिली."

"किती दिवसांनी ओढली?"

"बारा-तेरा."

"आन मग?"

"मग कोणीतरी गिलास दिला. मी काही विचारच नाही केला, नाना."

"नाहीच केला. विचार विडीने केला." नानांनी मांडीवर थाप मारली. "डॉक्टरला सांगतो उद्या." मग ह्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. "पडला ते वाईट व्हयनं. पण तू उना ना लगेच? आधीचा तू असतास तर? दोन महिने तोंड दाखवलं नसतंस." त्या दिवसानंतर ह्यांनी विडी धरली नाही. गोळ्यांचा हिशोब मात्र डॉक्टरांनी परत थोडा मागे नेला आणि तिथून पुन्हा सुरू केला.

शेवटचा पाव तुकडा दिला तेव्हा ह्यांना दाखल केल्याला वर्ष आणि वर दोन महिने झाले होते. त्यानंतर पंधरा दिवस मी वाट बघितली. हे झोपत होते. कामावर जात होते. मग मी एकटी नानांकडे गेले आणि विचारलं, "आता सांगू?"

"मला कशाला विचारतेस? तुझा नवरा शे."

त्या रविवारी सकाळी हे अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी मागे उभी राहून सांगितलं. समोर उभं राहून जमलं नसतं. म्हटलं, तुम्हाला झटके आले ते माझ्यामुळे. नानांनी विचारलं होतं आणि मी गोळ्यांचं सांगितलं नाही.

ह्यांनी चेन सोडली नाही. म्हणाले, "मलाबी विचारलं होतं डॉक्टरांनी. पहिल्याच दिवशी. अजून काय घेतो म्हणून. मीबी नाही म्हटलं."

मी म्हटलं, "माझं नाव येईल म्हणून?"

त्यांनी पायडल उलटं फिरवून चेन बघितली. मग म्हणाले, "हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. गोळ्या काढून घेतील, म्हणून. तुझा विचारच नव्हता आला डोक्यात."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण ह्या माणसाने इतक्या वर्षांत माझी इतकी खोटी समजूत घातली होती की, हे खरं ऐकून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हो म्हणणं किती सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानांना जाऊन ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. नाना एका खाटेची चादर बदलत होते. ऐकता ऐकता चादरीची टोकं खाली खोचत राहिले. मग म्हणाले, "दर गुरुवारी येऊ नका आता. महिन्याने या."

वर्षभर मी हेच ऐकायची वाट बघत होते. तरी निघायच्या ऐवजी मी चादरीचं दुसरं टोक खोचायला घेतलं. मी म्हटलं, "आणि मधे काही झालं तर?"

"तर तू सांगशी. तो बी सांगी." त्यांनी उशी झटकली. "जा. मला नवीन माणूस घ्यायचाय, यावलचा."

घरी आले तेव्हा हे दारातच होते. मिलमधून लवकर आले होते. "काय म्हणाले नाना?"

"महिन्याने या म्हणाले."

"महिना?" ह्यांनी हात बघितले, जसे ते सवयीने सकाळी बघत, कापतात का ते. "जमेल?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"मलाबी नाही," ते म्हणाले, आणि बाजूला सरकून मला आत जायला वाट दिली.